जुनं पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हर: निवड, तपासणी आणि पहिल्या गोळीपर्यंतची तयारी

जुन्या .२२ रिव्हॉल्व्हरची भुरळ पडते ती उगाच नाही. हाताला धक्का जवळपास बसत नाही, काडतूस छोटं आणि हलकं असतं, आणि चांगल्या कंपनीच्या जुन्या मालावर कारागिराचा हात फिरलेला दिसतो. मैदानावर निवांत नेम धरायला किंवा रानातल्या मुक्कामी डब्यावर निशाणेबाजी करायला याहून सोयीचं हत्यार क्वचितच मिळेल. पण नवखा माणूस हमखास चकाकीला भुलतो. वरची निळाई (पोलादावर चढवलेला निळसर-काळा रंग) उडालेलं पण सिलिंडर घट्ट बसणारं रिव्हॉल्व्हर घ्यावं. आरशासारखं चमकणारं पण सिलिंडर डुलणारं तिथेच ठेवून यावं. पुढची सगळी तपासणी याच एका गोष्टीसाठी आहे.

काही शब्द आधीच ठरवून घेऊ. सिलिंडरमध्ये, म्हणजे मधल्या फिरत्या नळकांड्यात, काडतूस जिथे बसतं त्याला इथे 'घर' म्हटलंय. मागून येऊन ठोका देतो तो घोडा, बोटाने ओढायचा तो चाप, आणि नळीच्या टोकावरची बारीक निशाणी म्हणजे माशी.

१. आधी कागद

शस्त्राचा परवाना, मालकी बदलल्याची नोंद, वाहतुकीची परवानगी आणि काडतुसं किती बाळगता येतात याची मर्यादा, हे चार प्रश्न पैसे देण्याआधी सुटलेले हवेत. 'जुनं आहे म्हणजे परवाना लागत नाही' या बोलण्यावर विसंबू नका. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रं 'अँटिक' धरली जातात. ती रेषा त्या कायद्यापुरती आहे, दुसरीकडे ती लागू होईलच असं नाही. तुम्ही राहता तिथला नियम लेखी पाहा.

अनुक्रमांक पावतीवर, परवान्यावर आणि शस्त्रावर अंक न् अंक जुळला पाहिजे. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर मालाला हातही लावू नका, मग भाव कितीही पाडून मिळत असो.

२. ते कोणत्या काळातलं आहे ते ओळखा

नवख्यांच्या अर्ध्या चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिला गट एकोणिसाव्या शतकातला. स्मिथ अँड वेसनचं 'मॉडेल नंबर वन' १८५७ साली आलं. सात गोळ्यांचं, .२२ शॉर्ट काडतुसाचं, आणि नळी वरच्या बाजूला उचलून सिलिंडर बाहेर काढायचं. आरपार भोकं पाडलेल्या सिलिंडरचं रॉलिन व्हाइट यांचं पेटंट १८६९ मध्ये संपलं आणि त्यानंतर चापाला संरक्षक कडी नसलेल्या स्वस्त छोट्या रिव्हॉल्व्हरचा बाजारात पूर आला. ही सगळी काळ्या दारूसाठी बनलेली, फ्रेम पितळेची किंवा साध्या लोखंडाची. आजचं काडतूस आत बसलं तरी ते उडवू नका. हा गट जपून ठेवायचा आणि पाहायचा.

दुसरा गट साधारण १९०० ते दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा. स्मिथ अँड वेसनचं चिमुकलं 'लेडीस्मिथ' १९०२ ते १९२१ या काळात बनलं. कोल्टचं 'पोलीस पॉझिटिव्ह टार्गेट' १९१० पासून .२२ मध्ये मिळू लागलं, आणि १९३१ मध्ये स्मिथ अँड वेसनचं 'के-२२ आउटडोअर्समन' आलं. त्यांच्या जोडीला आयव्हर जॉन्सन आणि हॅरिंग्टन अँड रिचर्डसन यांची आठ-नऊ गोळ्यांची रिव्हॉल्व्हर. या गटात सिलिंडरची मागची बाजू नीट पाहा. १९३० च्या सुमारास जास्त वेगाची .२२ काडतुसं बाजारात आली. ती फुटली तर कडेतून वायू मागे फेकला जाई. म्हणून कंपन्यांनी घरांच्या मागच्या तोंडाशी गोल खाच पाडायला सुरुवात केली, म्हणजे काडतुसाची कड तिच्यात बुडून बसते. तुमच्या सिलिंडरची मागची बाजू सपाट असेल आणि काडतुसांच्या कडा उघड्या दिसत असतील, तर फक्त साध्या वेगाची काडतुसं वापरायची. लेडीस्मिथला तेवढाही ताण देऊ नये. ते नाजूक आहे आणि त्याचे सुटे भाग मिळत नाहीत म्हटलं तरी चालेल.

तिसरा गट महायुद्धानंतरचा, आणि नवख्याने इथेच शोधावं. 'के-२२ मास्टरपीस' युद्धानंतर १९४६ पासून पुन्हा बनू लागलं आणि १९५७ पासून त्याला 'मॉडेल १७' हा क्रमांक मिळाला. त्याच कंपनीचं छोटं 'किट गन' पुढे 'मॉडेल ३४' म्हणून ओळखलं गेलं. मासेमारीच्या किंवा मुक्कामाच्या सामानाच्या पेटीत टाकून न्यायचं, म्हणून हे नाव. १९५७ नंतरच्या स्मिथ अँड वेसनमध्ये सिलिंडर बाहेर काढला की ज्या दांडीवर तो झुलतो तिच्यामागे फ्रेमवर मॉडेल क्रमांक ठोकलेला दिसतो. रुगरचं 'सिंगल-सिक्स' १९५३ चं, 'बेअरकॅट' १९५८ चं. हाय स्टँडर्डचं नऊ गोळ्यांचं 'सेंटिनेल' १९५५ मध्ये आलं, कोल्टचं 'डायमंडबॅक' १९६६ मध्ये. हॅरिंग्टन अँड रिचर्डसनची '९२२', '९२९' आणि वरून मोडून, म्हणजे नळी खाली झुकवून, उघडणारी '९९९' ही साधी, राकट आणि बऱ्याचदा कमी भावात मिळणारी आहेत. मात्र मूळ कंपनी १९८६ मध्ये बंद पडली. सौदा करण्याआधी स्प्रिंग आणि सिलिंडर फिरवणारा खटका कुठून मिळेल याची चौकशी करून ठेवा.

३. नळीवरचं काडतुसाचं नाव वाचा, अंदाज करू नका

'.२२' हे एक काडतूस नाही, ते एक कुटुंब आहे.

पुढच्या नावांत .२२ शॉर्ट सगळ्यात जुनं, त्याचं कवच सुमारे १०.७ मिलिमीटर लांब. .२२ लाँग रायफल १८८७ मध्ये आलं, त्याचं कवच सुमारे १५.६ मिलिमीटर आणि गोळी सहसा ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम. या दोहोंच्या मधलं .२२ लाँग: कवच लाँग रायफलएवढंच, गोळी मात्र हलकी. नळीवर 'लाँग रायफल' लिहिलेलं असेल तर शॉर्ट आणि लाँगही चालतात. उलटं चालत नाही. नुसतं '.२२ लाँग' लिहिलेल्या जुन्या सिलिंडरमध्ये लाँग रायफल कधी बसत नाही, कधी बसतं पण गोळीचं नाक पुढून बाहेर डोकावतं. कोणी 'घर थोडं कोरून देतो' म्हणाला तर नको म्हणा. त्या सिलिंडरचं पोलाद वेगळ्या दाबासाठी आहे.

खरा सापळा मॅग्नमचा आहे. .२२ मॅग्नम १९५९ मध्ये आलं आणि त्याचं कवच जाडीने जास्त: लाँग रायफल सुमारे ५.७ मिलिमीटर, मॅग्नम सुमारे ६.१. मॅग्नमच्या सैल घरात लाँग रायफल सहज सरकतं. चाप ओढला की कवच फुगतं, चिरतं आणि गरम वायू मागे येतो. काही रिव्हॉल्व्हरबरोबर दोन सिलिंडर मिळतात, एक लाँग रायफलचा आणि एक मॅग्नमचा. दोन्हींवर काय लिहिलंय ते वाचा आणि दोन्ही त्याच फ्रेमला बसवलेले आहेत का ते विचारा. दुसऱ्याच रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर आत गेला म्हणजे जुळला असं होत नाही. पुढची तपासणी दोन्ही सिलिंडरवर वेगवेगळी करायची.

४. हातात घेतल्यावरची तपासणी

बरोबर न्यायचं सामान थोडंच आहे: बारीक टॉर्च, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, फीलर गेजचा (फट मोजायच्या बारीक पात्यांचा) संच, .२२ च्या मापाची सहा ते नऊ प्लॅस्टिकची खोटी काडतुसं, आणि पांढऱ्या कागदाचा तुकडा.

रिकामं करा. नळी निर्धोक दिशेला धरा, बोट चापाबाहेर ठेवा. कोल्टमध्ये सिलिंडर उघडायची खिट्टी मागे ओढतात, स्मिथ अँड वेसनमध्ये पुढे ढकलतात. सेंटिनेलमध्ये नळीखालची दांडी पुढे ओढली की सिलिंडर बाहेर येतो. सिंगल-सिक्ससारख्यांना उजव्या बाजूला झाकण असतं, ते उघडून एकेक घर फिरवत पाहायचं. '९२२' मध्ये मधली पिन ओढून सिलिंडर बाहेर काढावा लागतो. प्रत्येक घरातून उजेड आरपार दिसला की मगच रिकामं समजा. विक्रेत्याने तुमच्यासमोर तपासलं असलं तरी तुम्ही पुन्हा तपासा, त्यात कोणाचा अपमान होत नाही.

घरांच्या मागच्या कडा. .२२ हे कडेवर ठोका घेणारं, म्हणजे रिमफायर काडतूस आहे. घर रिकामं असताना चाप ओढला तर ठोकणारी पिन सरळ घराच्या पोलादी कडेवर आदळते. वर्षानुवर्षं असं झालं की तिथे खळगा पडतो आणि धातूचा उंचवटा घराच्या आत ढकलला जातो. मग काडतूस पूर्ण बसत नाही, रिकामं कवच निघताना अडतं आणि ठोकाही कमजोर पडतो. भिंग लावून प्रत्येक घराची कड पाहा. हलका ओरखडा चालतो. नखाला लागेल असा खळगा असेल तर शस्त्रकारागीर खास दट्ट्या वापरून तो उंचवटा मागे दाबू शकतो, पण त्याचा खर्च भावातून वजा करायला हवा. यानंतरच्या चाचण्या, एक नळीची सोडून, खोटी काडतुसं भरूनच करायच्या, नाहीतर तपासणीतच नवे खळगे पाडाल.

सिलिंडर वेळेवर कुलुपबंद होतो का. सिलिंडरला एका बोटाचा हलका अडथळा ठेवून घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे अडकायच्या आधी, फार तर त्याच क्षणी, सिलिंडर 'टक्' करून अडकला पाहिजे. घोडा अडकला पण सिलिंडर अजून थोडा हाताने फिरवून बसवावा लागतो असं असेल, तर सिलिंडर फिरवणारा खटका किंवा सिलिंडरच्या पाठीवरची दातेरी चांदणी झिजली आहे. सहा, आठ, नऊ, जेवढी घरं असतील तेवढ्या वेळा हे करा. बहुतेकदा एखाद-दुसरं घरच चुकार निघतं, आणि विक्रेता दाखवताना नेमकं तेच टाळतो. मग दुहेरी पद्धतीनेही, म्हणजे घोडा हाताने न ओढता नुसत्या चापाने, तसंच सावकाश करून पाहा.

बाजूची ढिलाई. चाप पूर्ण ओढून तसाच दाबून धरा आणि सिलिंडर डावी-उजवीकडे हलवा. जुन्या कोल्टमध्ये या अवस्थेत सिलिंडर तिजोरीसारखा घट्ट बसतो, कारण खटका त्याला शेवटपर्यंत दाबून धरतो. तिथे हालचाल जाणवली तर झीज आहे. स्मिथ अँड वेसनमध्ये किंचित हालचाल असणारच, तिला घाबरू नका. दोन्ही कंपन्यांना एकच मोजपट्टी लावणं चुकीचं.

पुढे-मागे हालचाल आणि फट. सिलिंडर मागे दाबून त्याचं पुढचं तोंड आणि नळीचं मागचं टोक यांच्यातली फट फीलर गेजने मोजा. मग पुढे दाबून पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे पुढे-मागे हालचाल. ती ०.०८ मिलिमीटरच्या आत असावी, ०.१५ च्या वर गेली तर दुरुस्ती हवी. फट ०.१० ते ०.२० मिलिमीटर उत्तम. ०.२५ च्या पुढे गेली की शिशाचे कण आणि वायू बाजूला थुंकले जातात. अगदीच कमी असेल तर चार-पाच डझन गोळ्यांनंतर काजळीने सिलिंडर घासू लागतो.

नळी. घोडा मागे ओढून सिलिंडर कुलुपबंद करा आणि ठोका पडतो त्या फटीपाशी पांढरा कागद धरा. ही चाचणी सिलिंडर पूर्ण रिकामा असतानाच करायची. तो रिकामा आहे हे पुन्हा एकदा पाहून मग नळीच्या तोंडातून टॉर्च मारा. घराचं वर्तुळ नळीच्या मध्यभागी दिसलं पाहिजे, एका बाजूला चंद्रकोर दिसली तर घर आणि नळी सरळ रेषेत नाहीत. नळीच्या आत एखादी काळी कडी दिसते का? आधीची गोळी आत अडकलेली असताना दुसरी उडवली की नळी तिथे फुगते. बाहेरून बोट फिरवून तो फुगवटा कधी कधी जाणवतो. थोडे गंजाचे ठिपके असलेली नळी मात्र अनेकदा बरी नेमबाजी करते, त्यापायी सौदा मोडू नका. नळीच्या मागच्या कोनाला (गोळी शिरते त्या निमुळत्या तोंडाला) तडा आहे का, तेही भिंगाने पाहा.

घोडा सरकतो का. घोडा पूर्ण मागे अडकवा आणि चापाला हात न लावता अंगठ्याने मागून मध्यम जोराने पुढे ढकला. सुटला तर आतले कंगोरे झिजले आहेत किंवा कोणीतरी 'चाप हलका करण्यासाठी' ते घासले आहेत. अशी घासाघीस स्वस्तातल्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये नको तितकी आढळते. हा दोष असलेलं घेऊ नये.

वरून मोडणारी रिव्हॉल्व्हर. बंद करून एका हातात मूठ आणि दुसऱ्या हातात नळी धरा, वर-खाली हलवा. सांधा किंवा वरची खिट्टी खुळखुळत असेल तर सोडून द्या. ही झीज भरून काढणं सोपं नाही.

हलक्या मिश्रधातूची फ्रेम. सेंटिनेल, मूळ बेअरकॅट आणि 'एअरवेट' प्रकारात नळी जिथे फ्रेममध्ये आट्यांनी बसते, तिथे खालच्या बाजूला केसाएवढा तडा शोधा. सिलिंडर उघडा असताना तो दिसतो.

शेवटी स्क्रूची डोकी पाहा. फाटलेली, पसरलेली डोकी म्हणजे चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने आत कोणीतरी हात घातलाय. मग वरच्या सगळ्या चाचण्या दुप्पट काळजीने करा.

५. पहिली सफाई

घरी आणल्यावर उडवण्याआधी साफ करायचं, कारण आतलं तेल दशकांपूर्वीचं असू शकतं आणि ते वाळून लाखेसारखं झालेलं असतं.

लागणारं सामान:
- .२२ ची सफाईची दांडी, पितळी ब्रश, छोट्या कापडी चकत्या
- नळी साफ करायचं द्रावण आणि शस्त्रांसाठीचं पातळ तेल
- नायलॉनचा ब्रश, जुना दात घासायचाही चालतो
- समांतर पात्याचे, स्क्रूच्या खाचेत नेमके बसणारे स्क्रूड्रायव्हर
- शिसं निघत नसेल तर पितळी जाळीचा तुकडा

आधी लाकडी मूठ काढून बाजूला ठेवा, द्रावणाने लाकडाचा रंग आणि चमक दोन्ही जातात. नळी आणि प्रत्येक घर द्रावणाने ओलं करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग पितळी ब्रश आरपार फिरवा. ब्रश मध्येच उलटा ओढू नका. दांडी नळीच्या तोंडाच्या कडेला घासू देऊ नका. ती कड झिजली की नेम गेला.

कवच बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण अडकतात. सिलिंडर घट्ट फिरतोय, बंद होताना अडतोय, अशा दहा तक्रारींमधल्या आठ इथल्या चिमूटभर कचऱ्याने होतात. नळी वरच्या बाजूला ठेवून चांदणी उचला आणि कोरड्या ब्रशने झाडा. तिथे तेल घालू नका, कचरा चिकटतो.

निकेलचा मुलामा असेल तर अमोनिया असलेलं द्रावण वर्ज्य. मुलाम्याखाली अनेकदा तांब्याचा थर असतो, तो विरघळला की निकेल पापुद्र्यासारखं उठतं. निळाईवर गंज काढणारी रसायनं लावू नका, गंजाबरोबर निळाईही जाते. गंजाच्या ठिपक्यावर तेल टाकून तासभर ठेवा आणि कापडाने हलकेच चोळा.

बाजूची झाकणपाटी उघडायची घाई नको. उघडायचीच वेळ आली तर स्क्रू काढून मुठीच्या फ्रेमवर लाकडी दांड्याने हलके ठोके द्यायचे, पाटी आपोआप उचलली जाते. पाटीच्या फटीत पातं घालून उचकटलेली खूण आयुष्यभर राहते.

तेल किती? सिलिंडर झुलतो त्या दांडीला एक थेंब, इजेक्टरच्या (कवचं बाहेर ढकलणाऱ्या) दांडीला एक, घोड्याच्या बाजूला एक. घरं आणि नळी उडवण्याआधी कोरडी पुसायची.

स्मिथ अँड वेसनवाल्यांसाठी आणखी एक. इजेक्टरची दांडी सैल होऊन पुढे सरकली की सिलिंडर उघडतच नाही. १९६१ च्या सुमारास कंपनीने या दांडीचे आटे उलटे केले, म्हणजे त्याआधीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती नेहमीसारखी घट्ट होते आणि नंतरच्यांत उलट्या दिशेने. ते न कळता जोर लावला तर आटे मोडतात. घट्ट करताना घरांमध्ये रिकामी कवचं बसवून ठेवा, म्हणजे चांदणीवर पीळ येणार नाही.

६. मैदानावरचा पहिला दिवस

डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण, दोन्ही हवंच. .२२ चा आवाज 'छोटा' वाटतो, पण छोट्या नळीतून तो कानाला इजा होण्याइतका असतो. गोळीमागे मातीचा बांध हवा. दगड, पाण्याचा पृष्ठभाग, जाड लोखंड यांवरून साधी शिशाची गोळी उसळून कुठेही जाते, आणि चुकलेली लाँग रायफल गोळी सुमारे अडीच किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

साध्या वेगाची, ४० ग्रेनची, शिशाच्या गोळीची काडतुसं घ्या. तीन वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक पेटी आणा. जुन्या .२२ च्या आवडीनिवडी असतात, एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये एक काडतूस मुठीएवढा गट (भोकांचा पुंजका) पाडतं आणि दुसरं अंगठ्याएवढा.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा एकच काडतूस भरा, सात मीटरवर उडवा, कवच काढून पाहा. कड फुगलेली किंवा चिरलेली नको, ठोक्याची खूण कडेवर स्वच्छ आणि खोल हवी. मग दोन भरा, मग सगळी घरं. सिलिंडरवर फेल्टपेनने घरांना अंक द्या आणि कोणतं घर कुठे मारतंय ते कागदावर लिहा. एकच घर सतत बाहेर मारत असेल तर दोष तुमच्या हाताचा नाही.

आधाराच्या हाताची बोटं सिलिंडरच्या पुढच्या फटीपाशी येऊ देऊ नका. कोणी शेजारी उभं असेल तर ते तुमच्या रेषेच्या मागे असू दे, शिशाचे कण बाजूला उडतात.

सिलिंडर मनगटाच्या झटक्याने बंद करायची सिनेमातली सवय घालवा. त्याने झुलणारी दांडी वाकते आणि मग कलम ४ मधलं सगळं बिघडतं.

७. निशाणा बसवणं

मागची निशाणी हलवता येत असेल तर नियम सोपा: गोळी ज्या दिशेला जायला हवी, त्याच दिशेला मागची निशाणी सरकवायची. किती, ते गणिताने काढा. दोन निशाण्यांमधलं अंतर १५० मिलिमीटर आणि लक्ष्य १५ मीटरवर असेल तर प्रमाण शंभर पट. निशाणी ०.१ मिलिमीटर हलली की गोळी १० मिलिमीटर सरकते. एका गोळीवरून काही बदलू नका, पाच गोळ्यांच्या गटाचा मध्य पाहा.

निशाण्या पक्क्या असतील तर आधी काडतूस बदलून पाहा, मग नेम धरायची जागा बदला. माशी घासली तर गोळी वर जाते, आणि घासलेलं परत येत नाही. खालीच मारणाऱ्या रिव्हॉल्व्हरवर हा उपाय शेवटचा, तोही दोन-तीन काडतुसं पारखून झाल्यावर.

८. फुसका बार आणि अडकलेली गोळी

'टक्' झालं, बार उडाला नाही. अशा वेळी हात आपसूक पुन्हा चाप ओढायला जातो. रिव्हॉल्व्हरमध्ये ते विशेष घातक आहे, कारण सिलिंडर पुढे फिरतो आणि उशिरा पेटणारं काडतूस आता नळीसमोर नसतं. नळी लक्ष्याकडेच धरून किमान तीस सेकंद थांबा, मग सिलिंडर उघडा.

काडतुसावर ठोक्याची खूण चांगली असेल तर काडतूसच सदोष, ते वेगळं ठेवा. खूण फिकट असेल तर कारणं या क्रमाने शोधा: घरात काजळी साठून काडतूस अर्धवट बसलंय का, मुख्य स्प्रिंगचा स्क्रू सैल झालाय का, ठोकणाऱ्या पिनेचं टोक तुटलंय का. स्मिथ अँड वेसनमध्ये मुठीच्या पुढच्या बाजूला असलेला तो स्क्रू पूर्ण घट्टच असावा लागतो. चाप हलका वाटावा म्हणून कोणीतरी तो अर्धा फेरा सोडून ठेवलेला असतो, आणि पुढचा मालक काडतुसांना दोष देत बसतो.

आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, धक्का जाणवला नाही, कागदावर भोक नाही: लगेच थांबा. गोळी नळीत अडकली असू शकते. सिलिंडर उघडून सगळी काडतुसं काढा, नळीतून उजेड पाहा. अडकली असेल तर पितळी दांडीने हलके ठोके देऊन बाहेर काढा. पुढची गोळी 'तिला ढकलेल' असा विचार म्हणजे फुगलेली नळी.

कवचं घट्ट बसली तर इजेक्टरच्या दांडीवर हातोडी मारू नका. रिकामी कवचं पुढून लाकडी काडीने एकेक करून ढकला. याचं नेहमीचं कारण म्हणजे आधी उडवलेली शॉर्ट काडतुसं: त्यांच्या पुढे घरात काजळीची कडी जमते आणि नंतरचं लाँग रायफल तिच्यात रुततं. शॉर्ट आणि लाँग रायफल एकाच दिवशी वापरायची तर आधी लाँग रायफल, मग शॉर्ट.

९. रानात नेताना

घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये आड येणारी पट्टी जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बहुधा नसते. घोड्यावर काही आपटलं की बार होऊ शकतो. रुगरच्या १९७३ आधीच्या सिंगल-सिक्समध्ये ती नव्हती. कंपनी नंतर मोफत पट्टी बसवून देऊ लागली, पण न बसवलेली कितीतरी अजून हातात आहेत. जुने भाग परत मागून घ्या, संग्राहक ते विचारतात. ज्यात पट्टी नाही, किंवा आहे याची खात्री नाही, त्यात घोड्याखालचं घर कायम रिकामं. सहा घरांच्या, झाकणातून भरायच्या प्रकारात एक भरा, एक सोडा, चार भरा. मग घोडा पूर्ण मागे ओढा आणि नळी मातीकडे धरून अंगठ्याने सावकाश खाली सोडा. रिकामं घर घोड्याखाली येतं. बाजूने पाहून खात्री करा.

पाऊस किंवा घाम लागला तर त्याच दिवशी पुसा. बोटांच्या घामातलं मीठ निळाईवर एका रात्रीत बोटाचा ठसा उठवतं.

शिसं हाताळल्यावर साबण आणि गार पाण्याने हात धुतल्याशिवाय खायला घेऊ नका. मुक्कामावर हे हमखास विसरतं.

१०. ठेवताना

कातडी म्यान फक्त नेण्यासाठी. कातडं कमावतानाची रसायनं आणि त्यात धरलेला ओलावा मिळून महिनाभरात म्यानाच्या आकाराचा गंज उठवतात. तेलाचा पुसट हात मारून, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह कुलुपाच्या पेटीत ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलुपात. घोडा खाली, घरं रिकामी. पावसाळी हवेत दर महिन्याला, एरवी तीन महिन्यांनी बाहेर काढून पुसा आणि मूठ काढून तिच्याखालची फ्रेमही पाहा. गंज आधी तिथे धरतो, कारण तिथे कोणी पाहत नाही.